श्राव्यातीत ध्वनी आणि बाटलीतील द्रवांचे मुरणे

चष्मे, दागिने, घड्याळांचे सुटे भाग, दंतवैद्यांची उपकरणे इत्यादी वस्तू स्वच्छ करण्यासाठी वापरले जाणारे श्राव्यातीत ध्वनीचे छोटे पात्र आता प्रयोगशाळेपुरते किंवा सराफाच्या दुकानापुरते राहिलेले नाही. अर्धा ते तीन लिटर पाणी मावेल अशा आकाराची ही पात्रे घरगुती वापरासाठी सहज मिळतात. त्यांचा एक अनपेक्षित उपयोगही रूढ होऊ लागला आहे. पात्रात पाणी भरावयाचे, त्यात द्रवाने भरलेली बंद बाटली उभी करावयाची आणि अर्धा तास यंत्र चालवावयाचे. असे केले असता बाटलीतील द्रव, मग तो मसाल्याचा अर्क असो, थंड पाण्यात भिजविलेली कॉफी असो, सुगंधी तेल असो की मद्य असो, काही आठवड्यांत जितका मुरला असता तितका अर्ध्या तासात मुरतो, असे सांगितले जाते. परदेशांत विद्युत्-सिगारेटमधील द्रवांसाठीही ही युक्ती पुष्कळ वापरली गेली. भारतात त्या वस्तूंचे उत्पादन, विक्री व साठवण यांवर २०१९ च्या कायद्याने बंदी असल्याने त्या उपयोगाचा विचार येथे केलेला नाही.

वरील दाव्यात तथ्य किती आणि भ्रम किती, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. तथापि त्याचे उत्तर शोधताना ध्वनीचे पारगमन, विसरण, रासायनिक समतोल आणि प्रयोगरचना या चारही विषयांची कसोटी लागते. दुसरे असे की, अनेक विभागांत पदव्युत्तर विद्यार्थी वनस्पतिद्रव्यांचे निष्कर्षण याच प्रकारच्या पात्रात करतात आणि मिळालेला लाभ ‘ध्वनीमुळे’ अशी नोंद करतात. ती नोंद कितपत खरी आहे हे तपासण्याचे साधन प्रस्तुत विवेचनातून मिळावे, असा हेतू आहे.

‘मुरणे’ या शब्दात काय काय सामावले आहे

मराठीत आपण लोणचे मुरले म्हणतो, मुरांबा मुरला म्हणतो आणि पाणी जमिनीत मुरले असेही म्हणतो. या एका शब्दात निदान तीन वेगळ्या क्रिया एकत्र आलेल्या आहेत. पहिली क्रिया भिजण्याची. द्रव घन पदार्थाच्या रंध्रांत शिरतो आणि तेथील हवेची जागा घेतो. दुसरी क्रिया रस उतरण्याची. घन पदार्थातील विद्राव्य द्रव्ये द्रवात विरघळून बाहेर पसरतात. तिसरी क्रिया परिपाकाची. द्रवात आधीच असलेल्या घटकांत परस्परांशी किंवा हवेतील ऑक्सिजनशी मंद रासायनिक विक्रिया होतात आणि चव व गंध बदलतात.

पहिल्या दोन क्रिया भौतिक आहेत; तिसरी रासायनिक आहे. आयुर्वेदाच्या कल्पशास्त्रात हा भेद व्यवहारात पूर्वीच पाळला गेलेला दिसतो. शार्ङ्गधरसंहितेत ‘हिम’ या कल्पासाठी कुटलेले द्रव्य एक भाग व थंड पाणी सहा भाग घेऊन ते रात्रभर ठेवावे, असे प्रमाण आहे. ‘फांट’ हा कल्प उकळत्या पाण्यात अल्पकाळ भिजवून होतो. आसवारिष्टांना मात्र संधान, म्हणजे किण्वन, व्हावे लागते व त्यास बरेच दिवस द्यावे लागतात. हिम व फांट यांत रस उतरतो. आसवात परिपाक होतो. श्राव्यातीत ध्वनी या तिन्ही क्रियांना सारखाच वेग देतो असे गृहीत धरणे, हेच प्रस्तुत विषयातील बहुतेक गैरसमजांचे मूळ आहे.

पात्राची रचना व पूर्वपीठिका

मानवी कानास सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतच्या कंप्रतेचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडील ध्वनीस श्राव्यातीत म्हणतात. घरगुती पात्रांत बहुधा ४० किलोहर्ट्झच्या आसपासची कंप्रता वापरतात. पात्राच्या तळाला बाहेरून एक ऊर्जापरिवर्तक चिकटविलेला असतो. त्यातील सिरॅमिक चकतीवर प्रत्यावर्ती विद्युत् दाब दिला की ती त्याच कंप्रतेने आकुंचन-प्रसरण पावते. दाबविद्युत् परिणामाचा शोध जाक व पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली लावला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या चकत्या पोलादी पट्टांमध्ये बसवून पाण्यात तीव्र ध्वनी सोडला. आजच्या पात्रांतील परिवर्तक त्याच रचनेचे वंशज होत. फक्त क्वार्ट्झची जागा बहुतेक ठिकाणी लेड झिर्कोनेट टायटनेट या सिरॅमिकने घेतली आहे.

द्रवात अशा तरंगांमुळे जो विशेष परिणाम घडतो त्याची पहिली ओळख ध्वनीतून नव्हे, तर जहाजांच्या पंख्यांतून झाली. ‘डेअरिंग’ या ब्रिटिश विनाशिकेचा पंखा अपेक्षित वेग देईना, तेव्हा पंख्याच्या पात्यांमागे पाण्यात पोकळ्या पडतात हे थॉर्निक्रॉफ्ट व बार्नबी यांनी १८९५ मध्ये मांडले. अशी पोकळी मिटताना किती दाब निर्माण होतो याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली दिले. १९२७ मध्ये वुड व लूमिस यांनी तीव्र श्राव्यातीत तरंगांचे भौतिक व जैविक परिणाम प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी रिचर्ड्‌स व लूमिस यांनी रासायनिक परिणाम नोंदविले. १९३४ साली फ्रेंझेल व शुल्टेस यांना अशा द्रवातून मंद प्रकाश निघताना आढळला.

या क्षेत्रात भारतीय कार्यही दुर्लक्षणीय नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन व नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये श्राव्यातीत तरंगांमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनाचा सिद्धांत मांडला. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनीने तसेच द्रवाच्या प्रवाहातील दाबबदलाने होणाऱ्या पोकळी-निर्मितीचा विस्तृत अभ्यास केला आहे.

पोकळी कशी पडते व मिटते

ध्वनितरंग द्रवातून जाताना प्रत्येक बिंदूपाशी दाब आलटून पालटून वाढतो व घटतो. घटीच्या अर्धचक्रात दाब पुरेसा खाली गेला की द्रवात विरघळलेल्या हवेचे सूक्ष्म बुडबुडे फुगतात, आणि वाढीच्या अर्धचक्रात ते एकाएकी मिटतात. मिनार्ट यांच्या १९३३ च्या सूत्रानुसार पाण्यातील बुडबुड्याची त्रिज्या मीटरमध्ये व त्याची स्वाभाविक कंप्रता हर्ट्झमध्ये घेतल्यास त्यांचा गुणाकार सुमारे ३·२६ येतो. म्हणून ४० किलोहर्ट्झला अनुनाद पावणाऱ्या बुडबुड्याची त्रिज्या ८० मायक्रोमीटरच्या आसपास असते. मिटत्या पोकळीच्या अंतर्भागात क्षणभर काही हजार अंशांचे तापमान उत्पन्न होते. पोकळी एखाद्या घन पृष्ठाजवळ असेल तर ती सर्व बाजूंनी सारखी मिटत नाही. पृष्ठाच्या दिशेने द्रवाची एक अतिसूक्ष्म धार सेकंदाला शंभर मीटरच्या कोटीच्या वेगाने आदळते. चष्म्यावरील मळ निघतो तो या आघाताने, आणि वनस्पतीच्या पेशीभित्तिका फुटतात त्याही याच आघाताने.

तेव्हा मूळ प्रश्न असा राहतो की, पात्रातील पाण्यात पडणाऱ्या या पोकळ्या बाटलीच्या आतील द्रवातही पडतात काय?

काचेच्या भिंतीतून ध्वनी

पाण्यातून काचेत आणि काचेतून पुन्हा द्रवात जाताना ध्वनीचे काही अंशी परावर्तन होते. काचेचा ध्वनिसंरोध पाण्याच्या सुमारे साडेनऊ पट असल्याने हे परावर्तन फार मोठे असेल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु येथे भिंतीची जाडी निर्णायक ठरते. काचेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,६०० मीटर आहे. म्हणून ४० किलोहर्ट्झची तरंगलांबी काचेत १४० मिलिमीटर भरते. तीन मिलिमीटर जाडीची भिंत या लांबीच्या मानाने अगदी पातळ होय. लंब आपातासाठी पातळ स्तराचे सूत्र लावले असता तीन मिलिमीटर भिंतीतून सुमारे ७० टक्के व दोन मिलिमीटर भिंतीतून सुमारे ८५ टक्के ऊर्जा पार होते. म्हणजे सामान्य काचेची बाटली हा मोठा अडथळा नाही. जाड बुडाच्या बाटलीत मात्र तळाकडून येणाऱ्या तरंगांचे प्रमाण घटते. मऊ प्लॅस्टिकचा संरोध पाण्याच्या जवळचा असला तरी ते कंपनांची काही ऊर्जा शोषून घेते. शिवाय मद्यार्क किंवा सुगंधी तेल अशा द्रवांसाठी ते अन्य कारणांनीही योग्य नाही.

हवेची गोष्ट निराळी आहे. पाणी व हवा यांच्या संरोधांतील तफावत इतकी मोठी आहे की पाण्यातून हवेत जाणारी ऊर्जा एक टक्क्याच्या दशांशाइतकीच असते. त्यामुळे बाटलीतील द्रवाची पातळी पात्रातील पाण्याच्या पातळीहून वर असेल, तर वरच्या भागाला थेट ध्वनी मिळत नाही. बाटलीच्या बाह्य पृष्ठाला चिकटलेले बुडबुडेही ध्वनी परतवितात. म्हणून बाटली ठेवण्यापूर्वी पात्र पाच ते दहा मिनिटे नुसत्या पाण्यावर चालवून त्यातील विरघळलेली हवा काढून टाकणे आवश्यक असते. बाटली तळावर टेकवू नये. तळाच्या कंपनास त्यामुळे अडथळा होतो व परिवर्तकावरही ताण येतो. ती जाळीच्या टोपलीत किंवा टांगून ठेवावी.

आणखी एक बाब. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर असल्याने ४० किलोहर्ट्झची तरंगलांबी ३७ मिलिमीटर असते. तळ व पृष्ठभाग यांमधील परावर्तनांमुळे पात्रात स्थिर तरंग बनतात व त्यांचे तीव्र पट्टे सुमारे साडेअठरा मिलिमीटर अंतराने येतात. परिणामी एकाच बाटलीत काही थरांवर आघात भरपूर, तर काही थरांवर नगण्य होतो. दोन बाटल्या शेजारी ठेवून त्यांना ‘समान’ ध्वनी दिला असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

तीव्रतेचा हिशेब

हवा विरघळलेल्या सामान्य पाण्यात पोकळी पडण्यासाठी दाबाचा परमप्रसर सुमारे एक वातावरण इतका लागतो. याला अनुरूप तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला एक तृतीयांश वॅट येते. आता पंधरा सेंटिमीटर लांब व दहा सेंटिमीटर रुंद तळाचे, ५० वॅट शक्तीचे घरगुती पात्र घेऊ. सर्व शक्ती ध्वनीत रूपांतरित झाली असे उदारपणे मानले तरी तळाजवळील सरासरी तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला एक तृतीयांश वॅटच भरते. म्हणजे हे यंत्र उंबरठ्यावरच उभे आहे. स्थिर तरंगांच्या तीव्र पट्ट्यांत हा उंबरठा ओलांडला जातो. म्हणूनच चष्मे स्वच्छ होतात. पण काचेच्या भिंतीत तीस टक्के ऊर्जा गमावल्यानंतर आणि भोवतालच्या पाण्यातील बुडबुड्यांच्या दाटीतून वाट काढल्यानंतर बाटलीच्या आत उरणारी तीव्रता बहुतेक ठिकाणी उंबरठ्याखाली राहण्याची शक्यता मोठी आहे.

बाटलीत मद्यार्क असेल तर अडचण वाढते. २० अंश सेल्सियसला पाण्याचा बाष्पदाब सुमारे २·३ किलोपास्कल, तर इथेनॉलचा सुमारे ५·९ किलोपास्कल असतो. पोकळीत बाष्प अधिक भरले की ती मिटताना उशीसारखा आधार मिळतो व आघात सौम्य होतो. ग्लिसरीनसारख्या अतिश्यान द्रवात तर पोकळी फुगणेच कठीण असते.

या हिशेबाची तुलना दुसऱ्या प्रकारच्या उपकरणाशी करणे उद्‌बोधक ठरेल. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, थंड पाण्यातील कॉफीचे निष्कर्षण, ज्यास एरवी बारा ते चोवीस तास लागतात, ते तीन मिनिटांच्या आत साधले. पण तेथे ध्वनी बाटलीबाहेरच्या पाण्यातून आलेला नव्हता. एस्प्रेसो यंत्रातील कॉफीच्या टोपलीलाच परिवर्तक जोडून तिच्या भिंती कंप पावविल्या होत्या, आणि ऊर्जा थोड्याशा द्रवात एकवटली होती. तो निष्कर्ष उचलून घरगुती पात्रातील बाटलीला लावणे म्हणजे भट्टीचा अनुभव समईला लावण्यासारखे आहे.

रस उतरण्यास ध्वनीचे साहाय्य

असे असले तरी ध्वनीचा काहीच उपयोग नाही, असा उलट निष्कर्षही काढता येणार नाही. रस उतरण्याचा वेग कोणत्या टप्प्यावर अडतो, हे पाहिले पाहिजे. पाण्यात लहान रेणूंचा विसरणांक सेकंदाला एक-अब्जांश चौरस मीटर या कोटीचा असतो. फिक यांच्या १८५५ च्या नियमांवरून विसरणास लागणारा काळ हा अंतराचा वर्ग भागिले विसरणांक इतक्या कोटीचा येतो. एक मिलिमीटर अंतरासाठी मोकळ्या पाण्यात हा काळ सुमारे एक हजार सेकंद, म्हणजे सतरा मिनिटे होय. वनस्पतीच्या ऊतकांत पेशीभित्तिकांच्या अडथळ्यांमुळे विसरण दहा ते शंभर पट मंदावते. म्हणजे तोच काळ तीन तासांपासून अठ्ठावीस तासांपर्यंत जातो. हिमासाठी सांगितलेली ‘एक रात्र’ या पल्ल्यात बसते, हे लक्षणीय आहे.

या प्रक्रियेत ध्वनी चार प्रकारे मदत करू शकतो. एक, रंध्रांतील अडकलेली हवा निघून जाते व द्रव आत शिरतो. दोन, कणांभोवतीचा स्तब्ध सीमास्तर सूक्ष्म प्रवाहांमुळे पातळ होतो. तीन, पोकळ्यांच्या आघाताने पेशीभित्तिका फुटतात. चार, कणांचे तुकडे होऊन विसरणाचे अंतर घटते. यांपैकी पहिले दोन परिणाम मंद ध्वनीनेही काही अंशी साधतात. शेवटचे दोन पोकळी-निर्मितीवर अवलंबून आहेत.

आता अंतराचा वर्ग या गोष्टीकडे पुन्हा पाहावे. कणाची जाडी निम्मी केली की काळ एक चतुर्थांश होतो. एक दशांश केली की एक शतांश होतो. वेलदोडा, दालचिनी किंवा वाळ्याच्या मुळ्या खलबत्त्यात कुटून घेतल्या तर त्यायोगे मिळणारा लाभ घरगुती पात्राच्या लाभाहून बहुधा मोठाच असेल. हिमाच्या विधानात द्रव्य ‘कुटलेले’ असावे असे म्हटले आहे, ते निष्कारण नव्हे. ध्वनीची खरी उपयुक्तता दिसते ती कुटून गाळणे गैरसोयीचे असते तेथे, किंवा उष्णतेने नासणारी द्रव्ये थोड्या वेळात काढावयाची असतात तेथे.

आणखी एक मर्यादा विसरता येत नाही. ध्वनी समतोलाकडे जाण्याचा वेग वाढवितो, समतोलाची जागा सरकवीत नाही. द्रव संपृक्त झाल्यावर, किंवा घनातील विद्राव्य अंश संपल्यावर, कितीही वेळ यंत्र चालविले तरी अधिक रस मिळणार नाही. पेशी फुटल्यामुळे अधिक द्रव्य मोकळे झाले तर अंतिम प्रमाण थोडे वाढेल. पण त्यासोबत कडू व तुरट घटकही उतरतील.

परिपाकास ध्वनी पर्याय नाही

ज्या बाटलीत घन पदार्थच नाही, केवळ द्रव आहे, तिचे ‘मुरणे’ हा स्वतंत्र प्रश्न आहे. येथे दोन शक्यता संभवतात. पहिली, घटक नीट मिसळलेले नसणे. तीन सेंटिमीटर अंतरावर केवळ विसरणाने मिसळण्यास पाण्यातही सुमारे नऊ लाख सेकंद, म्हणजे दहा दिवस लागतात. ग्लिसरीनसारख्या श्यान द्रवात त्याहून कितीतरी अधिक. काही दिवसांनी द्रव ‘मुरला’ असे वाटते, त्यात या मिसळण्याचा वाटा असू शकतो. परंतु त्यावर उपाय म्हणून बाटली हाताने नीट हलविणे पुरेसे आहे.

दुसरी शक्यता खऱ्या रासायनिक परिपाकाची. बेर्तलो व पेआँ द सँ-झील यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की, ॲसिटिक आम्ल व इथेनॉल समरेणु प्रमाणात घेतल्यास सुमारे दोन तृतीयांश भागाचे एस्टर बनून विक्रिया समतोलास पोचते. मात्र सामान्य तापमानात व उत्प्रेरकाविना ती अतिशय मंद असते. द्राक्षमद्याच्या परिपाकात ऑक्सिजनचा वाटा पाश्चर यांनी १८६६ च्या ग्रंथात स्पष्ट केला. स्कॉच व्हिस्की निदान तीन वर्षे ओकच्या पिंपात ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. त्या काळात लाकडातून द्रव्ये उतरतात, रंध्रांतून ऑक्सिजन येतो, बाष्प बाहेर जाते व विक्रिया होत राहतात. बंद बाटलीत लाकूड नाही आणि नव्या ऑक्सिजनलाही वाट नाही. लाकडाचे तुकडे घातले तर त्यांतील द्रव्ये लवकर उतरतील. पण ते रस उतरणे झाले, परिपाक नव्हे. काही उग्र बाष्पशील घटक बाटली उघडताच निघून गेल्यामुळे द्रव ‘सौम्य’ वाटतो, तो वेगळाच परिणाम होय.

तीव्र ध्वनीने रासायनिक विक्रिया घडतात हे खरे. मिटत्या पोकळीत पाण्याचे रेणू फुटून हायड्रोजन व हायड्रॉक्सिल हे मुक्त मूलक बनतात. पण त्यांनी होणारे बदल इष्ट असतीलच असे नाही. खाद्यतेलांवर तीव्र ध्वनीचा प्रयोग केला असता ऑक्सिडीभवनाने खवट वा धातूसारखा अनिष्ट वास येतो, असे आढळलेले आहे.

उष्णतेचा दुर्लक्षित वाटा

या विषयातील सर्वांत मोठी गल्लत उष्णतेमुळे होते. पात्राला दिलेली बहुतेक शक्ती शेवटी उष्णतेतच रूपांतरित होते. ५० वॅट शक्तीने एक लिटर पाण्याचे तापमान मिनिटाला सुमारे ०·७ अंशाने, म्हणजे ऱ्हास न धरता अर्ध्या तासात सुमारे २१ अंशांनी वाढते. पाणी २८ अंशांवरून ४५ अंशांवर गेले तर त्याची श्यानता ०·८३ वरून ०·६० मिलिपास्कल-सेकंदावर येते व विसरणांक जवळजवळ दीडपट होतो. ग्लिसरीनच्या बाबतीत फरक याहून मोठा आहे. २० अंशांस सुमारे १,४०० मिलिपास्कल-सेकंद असलेली श्यानता ४० अंशांस त्याच्या पाचव्या हिश्श्यावर येते. पुष्कळशा पात्रांत तर वेगळा तापकही असतो. तेव्हा ‘ध्वनीमुळे मुरले’ असे ज्याला म्हटले जाते त्यातील बराच भाग कोमट पाण्याच्या पातेल्यातही मिळाला असता. दुसऱ्या शब्दांत, फांटाचे श्रेय यंत्राला दिले जात आहे.

परीक्षणाची योजना

हा प्रश्न वादाने न सुटता प्रयोगाने सुटावा. त्यासाठी चार समान बाटल्या, समान वजनाचे व एकाच चाळणीतून चाळलेले द्रव्य आणि समान द्रव घ्यावा. पहिली बाटली खोलीच्या तापमानाला स्वस्थ ठेवावी. दुसरी, ध्वनीच्या पात्रातील तापमान ज्या क्रमाने वाढते त्याच क्रमाने तापविलेल्या साध्या पाण्यात स्वस्थ ठेवावी. तिसरी त्याच तापमानक्रमात ठेवून ठराविक अंतराने हलवावी. चौथी ध्वनीच्या पात्रात ठेवावी. पहिल्या व दुसरीतील फरक हा उष्णतेचा, दुसऱ्या व तिसरीतील फरक ढवळण्याचा, आणि तिसऱ्या व चौथीतील फरक ध्वनीचा वाटा होय. पहिली व चौथी यांचीच तुलना करून काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरता येणार नाही.

निष्कर्षणाचे मापन गाळलेल्या द्रवाचे ठराविक घनमान सुकवून उरलेल्या घनाच्या वजनाने, किंवा वर्णमापकाने करता येते. बाटलीच्या आत पोकळ्या पडतात की नाही, हे पाहण्यासाठी पाणी भरलेल्या वेगळ्या बाटलीत पातळ ॲल्युमिनियम पत्र्याची पट्टी सोडावी. पोकळ्यांच्या आघाताने पट्टीवर खळगे व छिद्रे पडतात आणि स्थिर तरंगांचे पट्टेही त्यांवरून दिसून येतात. हे पाणी अर्थातच टाकून द्यावे. नंतर तोच प्रयोग मद्यार्काने व ग्लिसरीनने करून तुलना करावी. मात्र मद्यार्काची बाटली पुढे सांगितलेली सावधगिरी बाळगूनच ठेवावी.

चवीचा दावा असेल तर त्रिपेला-चाचणी घ्यावी. परीक्षकास तीन पेले द्यावेत. त्यांतील दोन सारखे व एक वेगळा असावा, आणि वेगळा कोणता हे त्याने ओळखावे. केवळ अंदाजाने यश मिळण्याची संभाव्यता एक तृतीयांश असते. बारा चाचण्यांत आठ किंवा अधिक वेळा अचूक उत्तर आले, तर ते निव्वळ योगायोगाने येण्याची संभाव्यता शंभरात दोनहून कमी असते. सात वेळा आले तर ती शंभरात सहाहून अधिक होते. दोन-तीन मित्रांनी ‘फरक जाणवतो’ म्हणण्याला यापुढे पुरावा म्हणून स्थान उरत नाही.

सावधगिरी

शुद्ध इथेनॉलचा प्रज्वलनांक १३ अंश सेल्सियसच्या आसपास आहे. चाळीस टक्के मद्यार्काच्या मिश्रणाचाही सुमारे २६ अंश आहे. आपल्याकडील खोलीचे तापमान बहुतेक ऋतूंत याहून अधिक असते. म्हणून ज्वालाग्राही द्रव पात्रात थेट कधीही ओतू नये, आणि बाटलीत असला तरी तापक बंद ठेवून, हवा खेळती राखून, ज्योतीपासून दूरच काम करावे. इथेनॉलचे प्रसरण पाण्याच्या सुमारे पाचपट असते. ५०० मिलिलिटर इथेनॉल २० अंशांनी तापले तर त्याचे आकारमान सुमारे ११ मिलिलिटरने वाढते. गळ्यापर्यंत भरून घट्ट बूच बसविलेली बाटली त्यामुळे फुटू शकते. वर पुरेशी मोकळी जागा ठेवली पाहिजे. तडा गेलेली काच वापरू नये. यंत्र चालू असताना पाण्यात बोटे घालू नयेत. ज्या पात्रात दागिने वा यंत्रभाग धुतले असतील ते स्वच्छ केल्याखेरीज खाद्य द्रवाची बाटली त्यात ठेवू नये.

उपसंहार

एकंदरीत असे म्हणता येईल की, घरगुती श्राव्यातीत पात्र हे भिजण्यास व रस उतरण्यास मर्यादित साहाय्य करणारे साधन आहे. पातळ काच, पाण्यासारखा विरळ द्रव, बारीक कण आणि समान पातळी या अटी पाळल्या तर लाभ दिसण्याचा संभव आहे. श्यान द्रवात व मद्यार्कात तो घटतो, आणि परिपाकाच्या बाबतीत तर यंत्राकडून अपेक्षा करणेच अस्थानी आहे. मिळालेल्या लाभातील उष्णतेचा व ढवळण्याचा वाटा वजा केल्यावर ध्वनीच्या नावे किती उरते, हे प्रत्येक द्रव्यासाठी स्वतंत्रपणे मोजावे लागेल. ज्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत श्राव्यातीत निष्कर्षणाचा उपयोग केलेला आहे, त्यांनी वर सांगितलेल्या दुसऱ्या व तिसऱ्या बाटलीची नोंद आपल्या कोष्टकात आहे की नाही, हे एकदा पाहावे. नसेल, तर ती भरण्यास लागणारा एक दिवस प्रबंधाच्या दृष्टीने सत्कारणी लागेल.